अवनत कोनाचं उदाहरण

भागोजी पाष्टेने उजवा हात खांद्याच्या रेषेत ताणला, डावा डोक्यावर सरळ उभा केला आणि तसाच थांबला.

“हा काटकोन,” तो म्हणाला. “साहेबानं लांबून असा हात केलान, की समजायचं, हातातला मोजणीचा स्टाफ कललाय. उभा कर.”

वर्गातल्या बायका हसल्या. फळ्याशी खडू घेऊन उभी असलेली वेदिकाही हसली.

“आणि लघुकोन, काका?”

डोक्यावरचा हात उजवीकडे झुकला. “हा. म्हणजे थोडा इकडं सरक.” मग तोच हात डोक्यावरून पलीकडे कलला. “हा विशाल.” शेवटी दोन्ही हात दोन बाजूंना सरळ झाले. “हा सरळ कोन. म्हणजे हलू नको, वाचतोय.”

“आणि तो शेवटचा? प्रविशाल?” पुढच्या बाकावरून गोदाने विचारलं.

भागोजीने डावा हात पाठीमागे न्यायचा प्रयत्न केला. खांदा अडला.

“तो आमच्या खात्यात नव्हता गो.”

“तो आत्ताही तुमच्यापाशी आहे,” वेदिका म्हणाली. “डावा हात परत डोक्यावर धरा. काटकोन आतून दिसतो. हेच अंतर बाहेरून, सगळं फिरून मोजलं, की झाला प्रविशाल. दोनशे सत्तर अंश.”

भागोजीने आपल्या हातांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते हळूच खाली घेतले आणि जागेवर जाऊन बसला. त्याने वहीत लिहिलं, बाहेरून मोजणे. खाली रेघ मारली.

वाचनालयाच्या माडीवर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते पाच हा वर्ग भरायचा. सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता दहावीला बसणाऱ्यांसाठी एका संस्थेने तो चालवला होता. पटावर नऊ नावं होती. नेमाने येणारे पाच. गोदा दवाखान्यात आया होती, दहावी झाली की तिला रुग्णसेवेच्या कोर्सला बसता येणार होतं. मनस्वीचं शाळा सुटतासुटता लग्न झालं होतं, तिला पार्लरचं सर्टिफिकेट हवं होतं. प्रत्येकाला दहावी कशासाठी तरी हवी होती. पहिल्या दिवशी वेदिकाने भागोजीलाही विचारलं होतं. वय त्रेसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त. “काका, तुम्हाला कशाला हवी?”

“राहिली होती,” तो म्हणाला होता.

खोटं नव्हतं ते. नववीनंतर त्याची शाळा सुटली होती. पुढे तो सर्वेक्षणाच्या कामावर चेनमन म्हणून लागला आणि छत्तीस वर्षं त्याने स्टाफ धरला. रस्ते, बंधारे, तलाव, काही झालेले, बरेचसे न झालेले. साहेब दुर्बिणीशी उभा राहायचा आणि भागोजी स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी, घेऊन कातळावर, शेतात, वहाळात, जिथे सांगतील तिथे. निवृत्त झाला आणि आठ महिन्यांत त्याची बायको, कमळा, गेली.

रत्नागिरीलगतच्या भाट्ये गावात, वरच्या अंगाला, चढावर त्याचं घर होतं. शेजारची दोन्ही घरं मुंबईकरांची, मे महिन्यात आणि गणपतीत उघडायची. मुलगी दर्शना डोंबिवलीला, नोकरी, दोन मुलं. रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. औषधं घेता ना, जेवलात ना, इतकं विचारून होईपर्यंत तिच्या मागे कुकरची शिट्टी व्हायची.

गेल्या वर्षी एका सोमवारी तो एसटीत बसला. कंडक्टरने विचारलं, “कुठं?” भागोजीने तोंड उघडलं तर आवाज फुटेना. घसा खाकरून दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा “रत्नागिरी” असं कसंबसं बाहेर आलं. तिकीट हातात घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं, शनिवारी दुपारी दूधवाल्याशी बोललो त्यानंतर हा पहिला शब्द. त्या दिवशी वाचनालयात पेपर वाचायला गेला आणि जिन्यापाशी त्याला वर्गाची सूचना चिकटवलेली दिसली.

डिसेंबरात त्रिकोणमिती सुरू झाली आणि अवनत कोनापाशी सगळेच अडले. वेदिकाने फळ्यावर दीपगृह काढलं, खाली जहाज काढलं, तिरपी रेघ ओढली. सगळ्यांनी ती वहीत उतरवली आणि उदाहरण चुकवलं. तिसऱ्या दिवशी तिने खडू ठेवला.

“शुक्रवारी किल्ल्यावर जाऊ,” ती म्हणाली.

वेदिका सव्वीस वर्षांची होती, मिरजेकडची. नोकरी मिळेल या आशेवर अर्ज करत राहायची, सकाळी एका क्लासमध्ये शिकवायची आणि खालच्या आळीत एका खोलीत एकटी राहायची. किल्ल्यावर ती सगळ्यांच्या आधी पोचली होती. हातात कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूतून सोडलेला दोरा, दोऱ्याच्या टोकाला नट आणि सरळ कडेला चिकटवलेली जाड कागदाची नळी.

चौघंच आले. समुद्र शांत होता आणि बंदराकडे परतणाऱ्या होड्या एकेक करून दिसत होत्या. गोदाने नळी डोळ्याला लावली, एका होडीवर धरली आणि मनस्वीने दोऱ्यापाशी आकडा वाचला.

“बहात्तर!”

“होडी एवढी लांब आणि कोन बहात्तर?” वेदिकाने विचारलं.

गोदाने नळी खाली केली. “चुकलं वाटतं.”

“वाचलंत बरोबर. पण हा नळी आणि दोरा यांच्यातला कोन. दोरा सरळ खाली लोंबतो. तुम्ही जणू पायापासून वर मोजलंत.”

गोदाच्या कपाळावरची आठी गेली नाही. भागोजी पुढे झाला.

“हे बघ गोदा. होडीकडं नंतर बघ. आधी समोर बघ, पाणी आणि आभाळ मिळतंय तिथं. मान वर नाय, खाली नाय. बघितलंस?”

“बघतेय.”

“आता ती नजर सोडू नको. तिथनं हळूहळू उतर. उतर. होडी लागली?”

“लागली.”

“जेवढी उतरलीस, तेवढा कोन.”

गोदाने बोटांवर आकडे मोजले. मग वळून म्हणाली, “म्हणजे नव्वदातनं बहात्तर वजा. अठरा. बाई, हे असं तुम्ही फळ्यावर का नाही सांगितलंत?”

“मला तरी कुठं असं सांगता येत होतं,” वेदिका म्हणाली.

तटाच्या दगडावर कागद ठेवून तिने पुढची आकृती काढली. वरून होडीकडे उतरणारी रेघ तीच, होडीतून वर चढणारी रेघ तीच. वरच्याने खाली पाहिलं तर अवनत कोन, खालच्याने वर पाहिलं तर उन्नत कोन. वरची आडवी रेषा आणि पाण्याची रेषा समांतर, म्हणून दोन्ही कोन सारखे. व्युत्क्रम कोन.

मनस्वीने फोटो काढून घेतला. भागोजी कागदावर वाकून राहिला.

“सारखे म्हणजे अगदी सारखे?”

“अगदी.”

“साहेब टेकडीवर, मी खाली तळ्याच्या जागेत. तो मला वाकून बघायचा. मीपण त्याच्याकडंच बघत असायचो, हाताची खूण कधी होतेय म्हणून.” त्याने आकृतीतल्या तिरप्या रेघेवर बोट ठेवलं. “म्हणजे तो जेवढा खाली बघत होता, तेवढाच मी वर?”

“तेवढाच, काका. एका अंशाचाही फरक नाही.”

“आमच्या पहिल्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं,” भागोजी म्हणाला. “पाय वर, डोकं खाली. एकदा आठल्येसाहेबांनी डोळा लावू दिलानी, तेव्हा कळलं. माझा जोडीदार शिवा स्टाफ धरून आभाळातनं लोंबत होता. चेहरा कसला दिसतोय, नुसते आकडे.”

सगळे हसले. तोही हसला. पण परतताना तो मागे रेंगाळला आणि उतरणीवर दोन वेळा थांबून त्याने वर वळून पाहिलं.

त्या दिवसापासून भागोजीला गणित येऊ लागलं. कसं ते त्यालाही सांगता आलं नसतं. आकृती दिसली की तो स्वतःला तिच्यात कुठेतरी उभा करायचा आणि मग उत्तर फार लांब राहायचं नाही. तो वर्गाला वीस मिनिटं आधी येऊ लागला. बाकं पुसायचा. जानेवारीत गोदाला भागाकार शिकवला. चार वाजता सगळे मिळून चहा घ्यायचे आणि गोदा तिच्या वॉर्डातल्या गमती सांगायची. घरी जाताना एसटीत त्याला त्या आठवायच्या आणि तो खिडकीकडे तोंड करून हसायचा.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या तासाला गोदाने घावने करून आणले. खाताना मनस्वी म्हणाली, “आता कुणी मला क्ष म्हटलं तरी मी पळून जाईन.”

“पास व्हा म्हणजे माझी सुटका,” वेदिका म्हणाली. “जूनमध्ये नवी नावं येतील. पुन्हा लघुकोनापासून.”

“पास झालेल्यांना येता येतं का हो, बाई?” भागोजीने विचारलं. त्याने ते कागदावरची नारळाची चटणी पुसत विचारलं, वर न पाहता.

“कशाला येतील, काका? पास झाल्यावर कोण गणित करतं! आणि संस्था फॉर्म भरलेल्यांचीच नावं पटावर घेते.”

“तेही खरं,” तो म्हणाला.

भूमितीचा पेपर मार्चमध्ये झाला. बीजगणितात आकृत्या नव्हत्या, त्याआधीचा तो पेपर जेमतेमच गेला होता; गणितातलं पास-नापास आता यावरच होतं. हॉलमधली बहुतेक मुलं त्याच्या नातवंडांच्या वयाची. त्याच्या पुढच्या बाकावर एक मुलगी सतत पाय हलवत होती. प्रश्नपत्रिका हातात आली आणि भागोजीने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वाचतानाच बरंचसं सुटत गेलं. चौथ्या प्रश्नात दीपगृह होतं, साठ मीटर उंच. जहाज तीस अंशांच्या अवनत कोनात. दीपगृहापासून जहाज किती दूर? त्याने डोळे मिटले आणि तटावर उभा राहिला. एकशे तीन पूर्णांक आठ मीटर.

त्याने उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिला. पहिल्या प्रश्नातले दोन पर्याय लिहिले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. खिडकीबाहेर शाळेचं पटांगण उन्हात रिकामं पडलं होतं. त्याने पेनाला टोपण लावलं, ते बाकावर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला. पर्यवेक्षक बाई दोनदा जवळून गेल्या. दुसऱ्यांदा त्या वाकून हळू म्हणाल्या, “आजोबा, पाणी हवंय का?”

“नको,” तो म्हणाला. “बरा आहे मी.”

दुपारी घरी आल्यावर त्याने पेज गरम करून घेतली. ताट धुतलं. मग वही काढली, वर तारीख घातली आणि सगळा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवला. आकृत्या पट्टीने काढल्या. उठला तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती.

निकाल मेमध्ये लागला. गोदा पास, मनस्वी पास. भागोजी मराठीत, सामाजिक शास्त्रांत, विज्ञानात, बाकी सगळ्या विषयांत पास होता. गणितात नापास. दर्शनाचा फोन आठवड्याच्या मध्येच आला.

“बाबा, कशाला या वयात जिवाला त्रास? झालं तेवढं पुरे.”

“बसेन की परत,” तो म्हणाला. “जूनला वर्ग सुरू होतो.”

आवाजात हसू होतं, ते दर्शनाला कळलं नसावं. ती म्हणाली, “बघा बाई तुम्हाला काय ते,” आणि मागे कोणीतरी तिला हाक मारली.

दोन दिवसांनी वेदिकाने त्याला वाचनालयात बोलावून घेतलं. वही आणि प्रश्नपत्रिका आणा, कुठे चुकलं ते बघू, असं म्हणाली होती. माडीवर दोघंच होते. पंखा आवाज करत फिरत होता. भागोजीने पिशवीतून वही काढून दिली. शेवटची पानं तिच्यात होती, हे त्याला ठाऊक होतं. सकाळी ती फाडायला म्हणून त्याने वही उघडलीही होती. पण नोंदीच्या वहीतलं पान कधी फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची आणि खाली सही करायची, असं छत्तीस वर्षं त्याने पाहिलं होतं.

वेदिका पानं उलटत गेली. मग सावकाश उलटू लागली. एका पानावर थांबून तिने तारीख पाहिली, प्रश्नपत्रिकेवरची तारीख पाहिली.

“हे कधी सोडवलंत?”

“त्याच दिवशी. दुपारी.”

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार?”

तिने दीपगृहाच्या आकृतीवरून बोट फिरवलं. आडवी रेषा, तिच्याखाली तीस अंश, पाण्याशी पुन्हा तीस अंश. बाजूला बारीक अक्षरात टॅन. सगळं जागच्या जागी.

“काका, मग तिथं का नाही लिहिलंत?”

भागोजी खिडकीकडे बघत होता. समोरच्या गच्चीवर आंब्याची साटं वाळत घातली होती आणि एक बाई कावळे हाकत बसली होती.

“तुम्ही म्हणालात ना, पास झाल्यावर कोण येतं,” तो म्हणाला.

वेदिकाने वही मिटली. पुन्हा उघडली. खाली रस्त्यावरून मासेवालीची आरोळी गेली.

“वर्ग नाही, काका,” ती शेवटी म्हणाली. “मला नोकरी लागली. अलोऱ्याला, शाळेत. जूनपासून हजर व्हायचं आहे. संस्थेला दुसरं कुणी मिळत नाही, म्हणून यंदा त्यांनी वर्ग बंद ठेवायचं ठरवलंय. निकालानंतर सांगू म्हणून मी थांबले होते.”

भागोजीने मान हलवली. एकदा, मग जरा वेळाने आणखी एकदा. पंख्याच्या वाऱ्याने प्रश्नपत्रिका फडफडत होती, तिच्यावर त्याने हात ठेवला.

“कायम आहे ना नोकरी?”

“हो.”

“मग चांगलं झालं. फार चांगलं झालं. राहायची सोय?”

“प्रकल्पाच्या जुन्या वसाहतीत एक खोली मिळतेय. बरेचसे ब्लॉक रिकामेच आहेत म्हणे.”

“रिकामेच. मी होतो तिथं एक हिवाळा, कामावर. तेव्हा भरलेली होती, संध्याकाळी पोरांचा कलकलाट. मागच्या दाराला आतून आडणा घाला, माकडं कडी काढतात. आणि कपडे बाहेर वाळत घालून जाऊ नका, पाऊस डोंगरावरनं न सांगता येतो.” त्याने प्रश्नपत्रिकेची घडी घातली. “सोबतीला कोण आहे?”

“सोबतीला कोण असणार?” वेदिका म्हणाली आणि टेबलावरचे खडू उगाच डब्यात भरू लागली.

निघताना तिने सांगितलं, जूनच्या शेवटी पुरवणी परीक्षा आहे. फक्त गणित द्यावं लागेल. मुदत संपायच्या आत फॉर्म भरा. भागोजी हो म्हणाला. जिन्यापर्यंत गेला तेव्हा तिने मागून हाक मारून त्याचा फोन नंबर विचारला. तो त्याला पाठ नव्हता. पिशवीतल्या डायरीत दर्शनाने लिहून ठेवला होता, तो बघून त्याने एकेक आकडा सांगितला.

फॉर्म त्याने भरला. जून लागला. शेजारची दोन्ही घरं कुलपं लावून मुंबईला गेली. मंगळवार आले, शुक्रवार आले. तीन वाजता तो कधी माडांच्या मुळाशी आळं साफ करायचा, कधी नुसताच पडवीत बसायचा. वाचनालयात गेला तर माडीचा दरवाजा बंद, आणि जिन्यावर स्पर्धेची कसलीतरी नवी जाहिरात. पेपर न वाचताच तो परत फिरला.

परीक्षेला बारा दिवस राहिले होते, तेव्हा एका गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. गुरुवारी त्याला कुणाचा फोन येत नसे. चुलीवरचा भात उतरवून तो घाईघाईने बाहेर आला.

“काका, मी वेदिका. आवाज येतोय का? इथं रेंज कमी आहे.”

“येतोय, येतोय. बोला बाई.”

“अभ्यास चाललाय ना?”

“चाललाय.”

“जेवलात?”

“अजून नाय. तुम्ही?”

“आत्ता भात टाकलाय.” तिच्या बाजूला कसलाच आवाज नव्हता. ना टीव्ही, ना माणसं. “दोन कोनांचं ते उदाहरण आहे बघा, एकाच दीपगृहावरून दोन जहाजं. परीक्षेला येण्यासारखं आहे. समजलंय का तुम्हाला?”

भागोजीसमोर पडवीच्या कठड्यावर वही उघडी होती. सकाळीच त्याने ते सोडवलं होतं, दोन रीतींनी. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आलं होतं. त्याने वहीकडे पाहिलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाय समजलं,” तो म्हणाला.

पलीकडे क्षणभर काहीच नव्हतं. त्याला वाटलं, रेंज गेली.

“बरं,” वेदिका म्हणाली. “वेळ आहे ना तुम्हाला?”

“आहे की.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा.

“मग अगदी पहिल्यापासून घेऊ,” ती म्हणाली. “सावकाश.”